जवारीची जुनी आवृत्ती

"ही फाईल फार जुनी आहे, केतकीताई. मी तिची नवी आवृत्ती तयार करून देऊ का?"

कॉम्प्युटरने त्या सकाळी हे मला कितव्यांदा विचारलं, देव जाणे. आवाज मात्र काय गोड! रागावायचीही सोय नाही. त्या आतल्या बाईला मी शहाणी म्हणते.

"नको गं बाई. मला जुनीच हवीय, जशी आहे तशी."

"जुन्या आवृत्तीत त्रुटी आहेत."

"माझ्यातही आहेत. तरी संसार झालाच ना?"

शहाणीला टोमणे कळतात, पण उलट टोमणा मारायची तिला परवानगी नाही. बिचारी!

हल्ली कॉम्प्युटरमध्ये कुणी काही इन्स्टॉल करत नाही. काय हवं ते तोंडाने सांगायचं. शहाणी तिथल्या तिथे प्रोग्राम लिहिते, काम झालं की पुसून टाकते. आमच्या लेकीला, सईला, परवा फोनवर 'सेटअप' म्हणजे काय ते समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ आले. "आई, म्हणजे आधी प्रोग्राम आणायचा, मग तो कॉम्प्युटरमध्ये बसवायचा, आणि मग वापरायचा? एवढा उपद्व्याप?" हो बाळा. एवढा उपद्व्याप. मी त्या काळात प्रोग्राम लिहीत होते आणि त्यावर पोट भरत होते.

आता पुन्हा तोच उपद्व्याप करायला बसले होते, नवऱ्याच्या कानांसाठी.

माझा नवरा मकरंद मिरजेत तंबोरे करतो. जन्माने सुताराचा, पण लहानपणी अब्बासचाचांच्या कारखान्यात भोपळे घासायला बसला आणि तिथलाच होऊन गेला. तंबोऱ्याच्या पोटावर एक घोडी असते, तिच्या माथ्यावरून तारा जातात. तो माथा कानशीने इतका हलका घासायचा, की तार त्याला धड टेकत नाही आणि धड सुटतही नाही. मग तिच्याखाली सुताचा धागा सरकवत नेमकी जागा शोधायची. जागा सापडली की तार नुसती वाजत नाही, झणझणायला लागते, आणि एका सुरातून कितीतरी सूर हळूहळू उमलत राहतात. त्याला जवारी म्हणतात. जमली तर खुली, नाही जमली तर बंद. मकरंदच्या हातची जवारी घ्यायला लोक कुठून कुठून मिरजेला यायचे. आणि तिशीतच तापाने त्याचे दोन्ही कान गेले.

तेव्हा मी पुण्यात एका लहानशा कंपनीत होते. आम्ही कान बनवत होतो.

कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यातल्या केसाळ पेशी आवाजाने हलतात आणि नसेला खबर देतात. मकरंदच्या पेशी मेल्या होत्या, नस जिवंत होती. आमच्या लोकांनी एका निरुपद्रवी विषाणूच्या हातून त्या नसेत एक प्रथिन पोचवलं, म्हणजे ती नस उजेड पडला की जागी व्हायची. मग नळीत बारीक दिव्यांची माळ सरकवली. कानामागच्या डबीने बाहेरचा आवाज घ्यायचा आणि कुठला दिवा केव्हा लावायचा ते ठरवायचं. म्हणजे मकरंद ऐकतो ते खरं तर चांदणं आहे, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. वय तसं होतं. ती डबी चालवणारा प्रोग्राम लिहिणाऱ्यांत मी एक होते.

तो आमचा पहिला पेशंट. यंत्र सुरू केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि हा म्हणतो, "बोलणं येतंय थोडंफार. तंबोरा येत नाही. मग घेऊन करू काय?" माझं तर डोकंच फिरलं. दुसऱ्या आठवड्यात तो मिरजेहून एसटीने मांडीवर तंबोरा घेऊन आला. बाकीच्या कंपन्या यंत्र जुळवायला शिट्टीसारखा कोरा स्वर वापरायच्या. आम्ही त्याचा तंबोरा वापरला. प्रोग्रामला पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, की हा आवाज खरा, बाकी सगळे याच्याशी ताडून बघ. असं कुणी करत नाही, पण आम्हाला अडवणारंही कुणी नव्हतं. एका बुधवारी दुपारी त्याने तार छेडली आणि ढसाढसा रडायला लागला. मीही रडले. लग्न पुढल्या वर्षी झालं, पण मला विचाराल तर ते त्याच दुपारी झालं.

त्या आवृत्तीत तंबोरा लख्ख यायचा, बोलणं मात्र गढूळ. समोर बसून, तोंडाकडे बघत असेल तर त्याला सगळं कळायचं. मी पाठ वळवली की संपलं. आमचा सगळा संसार समोरासमोर झाला. भांडताना ते बरं असतं, पण स्वयंपाक करताना मी मुकी. भाजी ढवळता ढवळता नवऱ्याशी चार शब्द बोलायचे, ही इतर बायकांची चैन मला कधी मिळाली नाही.

मग गेल्या वर्षी कंपनी विकली गेली, आणि नव्या मालकांनी डबीत नवी आवृत्ती पाठवली. आपोआप, न विचारता.

दुसऱ्या दिवशी मी ओट्याशी उभी होते. सवयीने स्वतःशीच पुटपुटले, "चहा टाकू का?"

"अर्धा," मागून उत्तर आलं.

माझ्या हातातलं पातेलं सिंकमध्ये पडलं. वळून बघते तर हा स्टुलावर बसून पेपर वाचतोय, मान खालीच!

त्यानंतरचे महिने मला स्वप्नासारखे आठवतात. मी भाकरी थापत बोलायचे, तो मागून हुंकार द्यायचा. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना बोलायचे, तो खाली भोपळ्याला कानस लावत उत्तर द्यायचा. काय बोलायचो? काही नाही! कढीपत्त्याला कीड लागली, सईचा सूर आज जरा वेगळा वाटला, शेजारच्यांनी गेट बदललं. इतकं सुख मला झेपेना. पन्नाशी उलटल्यावर मला नवऱ्याशी गप्पा मारायला मिळत होत्या आणि मी दिवसभर गुणगुणत हिंडत होते.

आणि धारवाडच्या एका गाणाऱ्या मुलीने तंबोरा परत आणला.

"काका, जवारी बंद आहे हो," ती फार हळू बोलली. त्याला लागू नये म्हणून हळू बोलली, पण नव्या आवृत्तीत त्याला हळू बोललेलंसुद्धा ऐकू यायचं. त्याने तंबोरा घेतला, मान हलवली, पुढल्या महिन्यात घेऊन जा म्हणाला तिला. ती गेल्यावर मी त्याच्यासमोर बसले.

"मकरंद, खरं सांग."

"तार छेडली की आवाज येतो," तो म्हणाला. "मग विरून जातो. तार हलताना दिसतेय, बोटाला लागतेय, आणि ऐकू काही नाही. मला वाटलं, माझीच नजर लागली की काय स्वतःला."

मी कपाळावर हात मारला. मला कळायला हवं होतं, मी काय आज हे काम करतेय? नव्या आवृत्तीची युक्ती साधी आहे. माणसाचं बोलणं क्षणाक्षणाला बदलतं. पंखा, मिक्सर, रस्त्यावरची घरघर एकसारखी चालू राहते. म्हणून जे बदलतं ते ठेवायचं, जे टिकून राहतं ते गोंगाट समजून पुसायचं. बोलणं काचेसारखं स्वच्छ होतं. पण तंबोऱ्याचा तर धर्मच टिकून राहणं! त्याच्या डबीने पंख्याबरोबर तंबोराही पुसून टाकला होता.

"किती दिवस लपवलंस?"

"तू खूश होतीस," तो म्हणाला.

मला त्याचा इतका राग आला, आणि इतकं भरून आलं, की मी उठून भांडी घासायला गेले. भांडी आधीच घासलेली होती.

चार दिवस तो तंबोऱ्यांच्या खोलीत गेलाच नाही. छपराला टांगलेल्या भोपळ्यांवर धूळ बसायला लागली. पेपर वाचून झाला की तोच पेपर पुन्हा वाचायचा. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "जुनी आवृत्ती परत बसवू या." त्याने मान वर केली आणि मला त्याच्या डोळ्यांत जे दिसलं, त्यानंतर माघार घेणं शक्य नव्हतं.

हल्ली कायदा आहे. शरीरात बसवलेल्या यंत्राची जुनी आवृत्ती कुणाला हवी असेल, तर कंपनीने तिचा मूळ मजकूर द्यायचा. ती बसवायची कशी, हे ज्याचं त्याने बघायचं. कंपनीने मजकूर दिला, सोबत इशाराही. एकदा जुनी बसवली, की त्या डबीवर नवी पुन्हा कधी बसणार नाही. दोन्ही एकत्र मावत नाहीत, म्हणून आलटून पालटून वापरायचीही सोय नाही. म्हणजे तंबोरा किंवा गप्पा. त्याचे सूर किंवा माझी पाठ.

मजकूर हातात आला, पण माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राला कळत नाही. त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा वेगळा प्रोग्राम लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. आमच्या काळातला कंपायलर मठ्ठ होता. सांगितलं तेवढंच करायचा, चूक लिहिली तर चूक करायचा. शहाणीचं तसं नाही. ती आधी माणसाच्या मनात काय असेल ते ताडते आणि मग सुधारून करते. पहिल्या दिवशी मी तिच्याकडूनच करून घ्यायला गेले, तर ती म्हणाली, "एक चूक दुरुस्त केली आहे. एक स्थिर आवाज गोंगाटातून वगळला जात होता."

"अगं, ती चूक नाही, तो माझा नवरा आहे!"

"समजले नाही, केतकीताई."

"कळलंच ते मला."

मला तो जुना मठ्ठच हवा होता. तो मिळाला इस्लामपूरच्या फडतऱ्यांकडे. हे माझे जुने सहकारी. आयुष्यात एकही वस्तू टाकली नाही, लग्नातला फेटासुद्धा. "या घेऊन जा," फोनवर म्हणाले, "पण बाई, तो असा एकटा नाही यायचा. त्याचं अख्खं खटलं बरोबर न्यावं लागेल."

खरंच होतं. कंपायलरच्या त्या आवृत्तीला तेव्हाची एक जुनी लायब्ररी, म्हणजे तयार तुकड्यांची पेटी, लागे, लायब्ररीला तेव्हाचंच विंडोज, आणि ते विंडोज आजच्या कॉम्प्युटरला बघूनच घाबरायचं. मग मी कॉम्प्युटरच्या आत एक खोटा जुना कॉम्प्युटर उभा केला, डब्यात डबी ठेवावी तसा. त्याचं इंटरनेट तोडलं, म्हणजे शहाणी आत डोकावून काही सुधारणार नाही. तरी घोडं अडलंच. लायसन संपलं होतं, कधीचंच. आतल्या कॉम्प्युटरला आजची तारीख कळली की कंपायलर दार लावून घ्यायचा.

"घड्याळ मागे घ्या की," फडतरे फोनवर म्हणाले.

कुठल्याही दिवसावर नेलं असतं तरी चाललं असतं. माझी बोटं मात्र न विचारता त्या बुधवारवर गेली, दुपारच्या वेळेवर. आणि आतली खिडकी उघडली. पडद्यावर तोच जुना हिरवा डोंगर, तीच बाळबोध चित्रं, कोपऱ्यात तो बुधवार. बाहेर घटस्थापना झाली होती, उन्हं उतरत होती, आत दुपार. मी खिडकी बंद करून जेवायला जायचे, परत येऊन उघडायचे, की पुन्हा तीच दुपार पहिल्यापासून सुरू व्हायची. एकदा तर वाटलं, आता शेजारच्या टेबलावरून कुणीतरी चहाला हाक मारील. मी किती वेळ नुसती बघत बसले, मला आठवत नाही. तिथे मी सव्वीस वर्षांची होते आणि कोपऱ्यात एक हट्टी बहिरा माणूस मांडीवर तंबोरा घेऊन बसला होता.

कंपायलर बसला. मजकूर दिला. काळ्या पडद्यावर ओळी धावायला लागल्या, आणि एका ओळीवर सगळं थांबलं. तंबोऱ्याची फाईल सापडत नाही.

खरा आवाज, ज्याच्याशी बाकी सगळं ताडायचं, तोच नव्हता. पेशंटची खाजगी वस्तू म्हणून कंपनीने तो कधीच नष्ट केला होता.

मी ओट्याशी जाऊन उभी राहिले. मकरंद मागे स्टुलावर होता. नुसतं म्हटलं असतं, 'होत नाही रे', तर संपलं असतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला असता. पेपर वाचला असता, अर्धा चहा घेतला असता, आणि मी मरेपर्यंत त्याच्याशी पाठमोरी बोलत राहिले असते. हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, खोटं कशाला सांगू?

"एक फाईल नाही," मी म्हटलं.

"कसली?"

"तुझ्या तंबोऱ्याची. खुल्या जवारीचा आवाज लागतो."

मागे स्टूल सरकलं. मग तो हसायला लागला. "एवढंच? अगं, भिंतीला तंबोरे टांगलेत!"

"पण जवारी कोण काढणार? तुला ऐकू येत नाही."

"कान गेले होते तेव्हा काय माशा मारत होतो?"

मला तंबोऱ्यांच्या खोलीत नेऊन त्याने धारवाडच्या मुलीचा तंबोरा घेतला. कानामागची डबी काढून माझ्या हातात दिली. मग मान वाकवून दांडीला दात टेकवले, डोळे मिटले आणि तार छेडली. तिची थरथर तो जबड्यातून घेत होता. कानस एकदा फिरवायची, फुंकर मारायची, सूत केसभर सरकवायचं, पुन्हा दात. मध्येच डोळे उघडून माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायचे. बंद. अजून बंद. लग्न झालं तेव्हा मला सा आणि प यांतला फरक कळत नव्हता. इतकी वर्षं त्या खोलीत वावरून आता कळायला लागला होता.

आणि मग ती उघडली. मी काही ठरवायच्या आत माझे हात 'खुली!' म्हणत वर गेले. खर्जाची तार वाजली आणि थांबलीच नाही, तिच्यातून दुसरा सूर आला, त्याच्या आतून तिसरा. छपराचे भोपळे अगदी हलके गुणगुणायला लागले. खोली सुराने भरली, आणि तिच्यात तो एकटा होता ज्याला काहीच ऐकू येत नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघून हसत होता. मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

त्या बुधवारच्या दुपारी, खिडकीच्या आत, प्रोग्राम पुरा झाला. एकही तक्रार नाही. मठ्ठाने सांगितलं तेवढंच केलं.

मकरंदने डबी पुन्हा कानामागे लावली होती. मी वायर जोडायला गेले तर त्याने माझा हात धरला.

"थांब. आधी ओट्याशी जा."

"कशाला?"

"जा तर. पाठ कर. आणि बोल काहीतरी."

मी गेले. कढईकडे तोंड करून उभी राहिले. कढई रिकामी होती.

"काय बोलू?" मी म्हटलं. "मला हे करायचं नाहीये, मकरंद. तुझ्याशी असं बोलताना मला पहिल्यांदा वाटलं, आपण चारचौघांसारखे नवरा-बायको आहोत. मला अजून खूप बोलायचं होतं. फालतूच, पण बोलायचं होतं. आणि तू तो पेपर दुसऱ्यांदा वाचायला घेतोस ना, ते मला बघवत नाही. म्हणून करतेय. झालं? ऐकलंस?"

"सगळं," तो मागून म्हणाला.

मी वळले, डोळे पुसले आणि वायर जोडली.

थोड्या वेळाने त्याने तंबोरा मांडीवर घेतला. तार छेडली. त्याचा चेहरा कसा झाला ते मी सांगत बसत नाही, तो मी याआधी एकदा पाहिला होता. मी त्याला म्हटलं, "ऐकू येतंय?" आणि त्याने डोळे उघडून माझ्या ओठांकडे पाहिलं. पूर्वीसारखं.

दुसऱ्या दिवशी मी मंडईत गेले. मुद्दाम वेळ काढला. घरी जाऊन गप्प राहायचा कंटाळा आला होता. परतले तर घरात तंबोरा वाजत नव्हता, नुसता भिंतीला भोक पाडल्याचा, लाकडाचा आणि विटेचा वास. ओट्यावर भुसा सांडलेला. मी वैतागून फडकं घेतलं आणि वर बघितलं.

गॅसच्या वर, मसाल्याच्या फळीशेजारी, आरसा लावला होता. त्याचा दाढीचा जुना आरसा, सागवानी चौकट नवी. जरा तिरका. त्यात माझा चेहरा दिसत होता, आणि माझ्या खांद्यामागे स्टूल, स्टुलावर तो, हातात घोडी आणि कानस. मान वर करून तो आरशातून माझ्याकडे बघत होता.

मी वळले नाही. पातेल्यात पाणी ओतलं, गॅस पेटवला.

"चहा टाकू का?" मी भिंतीकडे तोंड करून विचारलं.

"अर्धा," मागून उत्तर आलं.